अर्धे आकडे

मेट्रनबाईंच्या घरची तिजोरी नऊ महिने उघडली नव्हती. का, असे कोणी विचारले तर त्या एका वाक्यात उत्तर देत: "अर्धे आकडे माझ्याकडे आहेत, अर्धे हे घेऊन गेले."

ऐकणाऱ्याला वाटे, दुःख बोलते आहे, आणि तो मान खाली घाली. वास्तविक अलंकारिक बोलणे बाईंना कधी मानवले नाही. रुग्णालयाच्या वॉर्डांवर तीस वर्षे हुकूमत गाजवलेली ती बाई. त्या बोलत ते रोग्याच्या तापाच्या नोंदीसारखे, आहे तेवढे आणि आहे तसे. निवृत्त होऊन बारा वर्षे लोटली होती, तरी गल्लीत त्यांना नावाने हाक मारण्याची कोणाची छाती नव्हती. दूधवाल्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या मेट्रनबाईच.

अर्ध्या आकड्यांची गोष्ट अक्षरशः खरी होती. त्यांचे पती सरकारी खजिन्यात अधिकारी. तिथला नियम असा, की लोखंडी दार एकट्या माणसाने उघडायचे नाही. दोन अधिकारी, दोन किल्ल्या. इकडे बाईंच्या वॉर्डातही गुंगीच्या औषधांच्या कपाटाला दोन कुलपे आणि दोन परिचारिका. "आम्ही दोघंही अविश्वासाच्या खात्यात नोकरीला," असे खजिनदारसाहेब पाहुण्यांना हसत सांगत. अडतीस वर्षांपूर्वी घर झाले, मागच्या खोलीच्या भिंतीत तिजोरी बसली, तेव्हा तोच नियम घरी आला. डायलचे कुलूप, आकडे चार. पहिले दोन साहेबांचे, शेवटचे दोन बाईंचे. शेवटचे बाईंचे का, तर शेवटचा आकडा लावणाऱ्याने मूठ खाली दाबून दार उघडायचे, आणि तो मान बाईंनी पहिल्याच दिवशी मागून घेतला होता.

एकाने डायल फिरवायची, दुसऱ्याने पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. खिडकीकडच्याने विचारायचे, "झालं?" डायलपाशी असलेल्याने सांगायचे, "झालं." मग जागा बदलायच्या. नणंदेने एकदा हा सोहळा पाहिला आणि म्हणाली, "या घरात नवराबायकोचं एकमत व्हायला लोखंडाचं दार लागतं."

महिन्यातून एकदा तरी हे होई. पगार, कागद, दागिने, कधी नुसतेच काही ठेवले की नाही हे पाहायला. अडतीस वर्षांत कोणी कोणाचा आकडा विचारला नाही. पाठ फिरवून उभे राहणे म्हणजे शब्द देणे, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांबद्दल दोघांचेही मत एकच होते.

रुग्णालयातल्या शेवटच्या संध्याकाळी खजिनदारसाहेब ऑक्सिजनच्या नळीमागून हळूच म्हणाले होते, "तिजोरीचं एक सांगायचं राहिलंय."

बाईंनी त्यांना तिथेच थांबवले. "आकडे सांगायचे नाहीत. घरी या आणि स्वतः लावा."

साहेबांना हसू आले. "बरं, मेट्रन," म्हणाले, आणि डोळे मिटले. ते काही घरी आले नाहीत.

आता घर साहेबांच्या नावावरून बाईंच्या नावावर करायचे होते, आणि घराचे मूळ कागद तिजोरीत. मुलगा दूरच्या शहरात राही. तिथून दर रविवारी संध्याकाळी सहाला त्याचा फोन येई आणि सव्वासहाला संपे. त्यानेच उपाय शोधला. "आई, जुन्या कुलपाला भोक पाडून ते काढून टाकतील. नवं इलेक्ट्रॉनिक बसवून देतील, मी इथूनच मागवलंय. सहा बटणं दाबली की उघडतं. एक कोड तुझा, एक माझा. कागद टपालाने पाठव, पुढचं मी इकडून बघतो. मला यायलासुद्धा नको."

"माझ्या तिजोरीचा कोड तुला कशाला?"

"उद्या तुला काही झालं तर?"

तुला काही झालं तर, हे मुलाच्या बोलण्यात अलीकडे वरचेवर येई. तुला काही हवं असलं तर, हे मात्र क्वचितच. पण बाईंचे मन अडले होते ते कोडावर नव्हे. नवे कुलूप बसले, की त्या घरात तिजोरी एकट्या माणसाला उघडता येणार होती. जोवर जुने दार बंद होते तोवर घर दोघांचे होते, आणि दोघांतला एक जण फक्त हजर नव्हता. बटणे दाबून दार उघडल्यावर असे म्हणता आले नसते. मेट्रनबाईंना ते नको होते. आणि कागद तर हवे होते.

मुलाने पाठवलेले खोके आठवडाभर जेवणाच्या मेजावर पडून राहिले. साहेबांच्या बाजूला. ती बाजू तशीही मोकळीच होती.

गुरुवारी दुपारी तीनला तिजोऱ्यांचा कारागीर आला. पन्नाशीचा, बुटका, कानांवर केस वाढलेला माणूस. पत्र्याची पेटी दाराबाहेरच ठेवून त्याने चपला काढल्या. बाईंना ते आवडले, पण तसे दाखवण्याची त्यांची पद्धत नव्हती.

"हात धुवा आधी."

"मी तिजोरी उघडायला आलोय बाई, ऑपरेशनला नाही."

"भोक पाडणार आहात ना? मग ऑपरेशनच."

त्याने मुकाट्याने हात धुतले. मग पेटीसह मागच्या खोलीत जाऊन तिजोरीपुढे गुडघे टेकून बसला, डायलवरून बोट फिरवले, आणि नव्या घराची पायरी चढणारा माणूस पाहतो तसा त्या लोखंडाकडे वरपासून खालपर्यंत पाहू लागला. बाई स्टूल घेऊन शेजारी बसल्या. त्या खोलीत दोन माणसे एका वेळी असल्याला नऊ महिने झाले होते. खोलीचा आवाज बदललेला त्यांच्या कानांना जाणवला.

"हे मोडायचं म्हणजे पाप आहे," कारागीर म्हणाला. "असं कुलूप आता कोणी बनवत नाही."

"पापपुण्य राहू दे. दोन्हींतलं चांगलं कुठलं ते सांगा. आडपडदा न ठेवता. माझा मुलगा तुम्हाला फोन करून काय बोलला ते मला ठाऊक आहे."

कारागीर डोके खाजवत हसला. "दोन्ही चांगली. बटणांचं कुलूप झटकन उघडतं, अंधारात उघडतं, आकडा बदलायचा तर घरच्या घरी बदलता येतो. त्याला बॅटरी लागते; ती संपत आली की ओरडून सांगतं. पण आतला विजेचा भाग बिघडला तर बिघडला, तो दुरुस्त होत नाही, नवाच घालावा लागतो. दहा वर्षं चाललं तर नशीब. हे जुनं तुमच्या नातवंडांनाही पुरेल. चारपाच वर्षांनी साफ करून तेलाचा हात फिरवला की झालं. मात्र याला वेळ लागतो, धीर लागतो आणि डोळे लागतात. डोळे कसे आहेत तुमचे?"

"मी विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं द्या."

"म्हणजे कमी झालेत."

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. उलट उत्तर देणारी पण काम चोख करणारी एखादी परिचारिका त्यांना वॉर्डात नेहमी हवी असे. "आणि नव्यात दोन कोड ठेवले, एक माझा आणि एक मुलाचा, तर?"

"दोन्हींपैकी कुठलाही चालतो."

"पैकी?"

"हो."

"दोन्ही लागतीलच, असं नाही करता येत?"

"येतं की. तशी सोय असते त्यात. पण मग मुलाला दर वेळी यावं लागेल."

बाईंनी मांडीवरचे हात एकात एक घेतले. कारागिराने त्यांच्याकडे पाहिले नाही. पेटीतले कागद चाळत राहिला. मुलाला दर वेळी यावे लागेल असे कुलूप. महिन्यातून एकदा तो डायलपाशी, म्हणजे बटणांपाशी उभा राहील. आपण खिडकीकडे तोंड करून विचारू, झालं? क्षणभर त्यांना ती खिडकी, तो मुलगा, त्याचा तो वाकून उभा राहण्याचा बापासारखा ढंग सगळे दिसले. मग नेहमीच्या हिशेबी बुद्धीने त्यांनी ते पुसून टाकले. मुलगा वर्षातून एकदा येई, तेही चार दिवस. तिजोरी वर्षातून एकदा उघडली असती, एवढेच.

"नको," त्या म्हणाल्या. "भलतंच काहीतरी."

"मला दोन तास द्या," कारागीर म्हणाला. "भोक न पाडता, कानाने आणि बोटाने बघतो. जमलं तर तुम्हाला निवड राहील. जमलं नाही तर ड्रिल आहेच."

"चार आकडे आहेत. दोन मला ठाऊक आहेत, पण ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"सांगूही नका. आमच्या धंद्यात आकडा ऐकायचा नसतो. आधी चकत्या मोजतो. आत जितके आकडे तितक्या पितळी चकत्या असतात, एकामागे एक. डायल बराच वेळ एका बाजूला फिरवली आणि मग उलटी वळवली, की दर फेऱ्याला एकेक चकती हाताला लागते. मुंगीने चावा घेतल्याएवढंच कळतं. चार लागल्या की चार आकडे."

त्याने एक हात दारावर सपाट ठेवला, कान लोखंडाला लावला आणि डायल डावीकडे फिरवू लागला. रस्त्यावर कोणाची तरी सायकल स्टँडवर चढवल्याचा आवाज आला. बाईंनी खिडकी लावून घेतली.

कारागिराने डायल उलटी वळवली. थांबला. पुन्हा पहिल्यापासून फिरवली. पुन्हा उलटी. तिसऱ्यांदाही तेच केले, आणि मग उकिडवा होऊन बसला.

"मेट्रनबाई, हे कुलूप शेवटचं कोणी उघडलं होतं?"

"आम्ही दोघांनी. साहेब रुग्णालयात गेले त्याच्या आदल्या आठवड्यात."

"चार आकडे लावून?"

"चार आकडे लावून. का?"

"यात चार चकत्या नाहीत. दोनच आहेत."

"तुमच्या कानात मळ असेल."

"असेलही," तो शांतपणे म्हणाला. "पण बोटांत नाही. पहिल्या फेऱ्याला एक लागते, दुसऱ्याला दुसरी. मग पुढे नुसतं पोकळ. तुमचे दोन कुठले? आधीचे की नंतरचे?"

"नंतरचे."

"मग या दोन तुमच्याच. आधी कोणी काहीही लावो, डायल नुसती गरगरते. तुमचे आकडे लावून पाहा."

"अर्ध्या आकड्यांनी कुलूप उघडत नाही."

"नऊ महिने झाले म्हणता. एकदाही नुसतं फिरवून पाहिलं नाहीत?"

बाईंची मान ताठ झाली. "एका किल्लीने कपाट उघडतं का हे करून पाहणाऱ्या पोरींना मी वॉर्डातून घरी पाठवलेलं आहे."

कारागीर उठला, गुडघे झटकले, आणि न सांगता खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पाठ बाईंकडे, हात मागे बांधलेले. त्याला कोणी शिकवले नव्हते; ती त्याच्या धंद्याचीच रीत असावी. पण त्या जागी तशी पाठ बाईंनी नऊ महिन्यांत पाहिली नव्हती.

त्या तिजोरीपुढे बसल्या. नाकावरचा चष्मा पुसला. डावीकडे तीन फेरे आणि पहिला आकडा. उजवीकडे दोन फेरे आणि दुसरा. मग पुन्हा डावीकडे, डायल आपण होऊन अडेपर्यंत. अडली. आत कुठेतरी लोखंड लोखंडावरून सरकले, तो आवाज त्या अडतीस वर्षे ऐकत आल्या होत्या.

"झालं?" खिडकीकडून कारागिराने विचारले.

बाईंनी मूठ खाली दाबली. दार उघडले.

आत सगळे होते तसेच होते. घराच्या कागदांचे बांधलेले पुडके, दागिन्यांचा डबा, त्यांचा स्वतःचा रुग्णालयाचा बिल्ला, साहेबांचे बंद पडलेले मनगटी घड्याळ. काही नवे नाही, कुठे चिठ्ठीचपाटी नाही. दोघांनी मिळून ठेवलेल्या गोष्टी दोघांनाही पाठ होत्या. मेट्रनबाईंनी कशालाही हात लावला नाही.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारले. आवाज वॉर्डातला होता.

कारागिराने दाराच्या आतल्या बाजूचे झाकण चार स्क्रू काढून सोडवले आणि उजेडात धरले. झाकणाच्या पोटावर सुईने कोरल्यासारख्या बारीक ओळी होत्या. "जो कारागीर कुलूप उघडतो तो आत तारीख आणि काम कोरून ठेवतो," तो म्हणाला. "पुढच्याला कळावं म्हणून. हे माझ्या उस्तादांचं अक्षर आहे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो."

"वाचा."

"चारपैकी दोन काढल्या, पहिल्या. मालकांच्या सांगण्यावरून." मग त्याने तारीख वाचली. ती बावीस वर्षांपूर्वीची होती.

मेट्रनबाईंना तारखा शोधाव्या लागत नसत. त्या आठवड्यात त्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होत्या, आठ दिवस. परत आल्या तेव्हा साहेबांनी जेवताजेवता सांगितले, की आपल्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली आहे, दहा दिवसांनी. बाई भडकल्या होत्या. माझ्या रुग्णालयात, आणि मला शेवटी कळते. साहेब म्हणाले होते, "तू परत येईपर्यंत बाकीची व्यवस्था लावत होतो." बाकीची व्यवस्था कसली, हे बाईंनी विचारले नव्हते. तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त शल्यचिकित्सकाचे नाव होते.

"उस्ताद कधी बोलले नाहीत," कारागीर झाकण पुसत म्हणाला. "बोलायचं नसतंच."

"म्हणजे बावीस वर्षं हा माणूस इथे उभा राहून नुसती डायल फिरवत होता."

"तसंच दिसतंय."

"आणि मी पाठ करून उभी."

बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. चहाचे आधण ठेवले. आधणाला बुडबुडे येईपर्यंत त्या ओट्याला हात टेकून उभ्या होत्या, आणि एकेक गोष्ट हाक न मारता येऊन पुढे उभी राहत होती.

पहिली सोळा वर्षे साहेबांचे आकडे हमखास चुकत. चष्मा दुसऱ्या खोलीत राही, फेरे मोजताना मध्येच काहीतरी सांगायला लागत, आणि मूठ दाबली की दार ढिम्म. बाई म्हणत, "सरकारी खजिना सुरक्षित आहे तो तुम्ही उघडू शकत नाही म्हणूनच." शस्त्रक्रियेनंतर मात्र साहेब डायलपाशी अगदी सराईत झाले. चष्मा नाही, नीट वाकणे नाही, हवापाण्याच्या गप्पा मारत चारपाच फेरे फिरवत आणि म्हणत, "लावा, मेट्रन." बाईंना वाटले होते, आपल्या शिस्तीला उशिरा का होईना फळ आले.

आणि तरीही मधूनमधून दार उघडत नसे. बाईंच्या साठीनंतर तर बऱ्याचदा. बाई मूठ दाबत, मूठ हलत नसे. त्या काही बोलायच्या आत खिडकीकडून साहेबांचा आवाज येई, "माझंच चुकलं असेल. थांब, पुन्हा लावतो." आणि ते येत, तीच गरगर पुन्हा करत, पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहत. बाई दर वेळी म्हणत, "नीट बघत चला जरा." दर वेळी. बावीस वर्षे.

आधण उतू गेले. मेट्रनबाईंच्या स्वयंपाकघरात हे असे पूर्वी कधी झाले नव्हते.

त्यांनी ओटा पुसला, नवे आधण ठेवले, आणि चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही नव्हते. वॉर्डात वाईट बातमी सांगायला जाताना त्या असाच चेहरा करत.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "मला काय काय करता येईल?"

"तुम्ही म्हणाल ते. नवं बसवायचं तर तासाभरात बसवतो. जुनं ठेवायचं तर चकत्या घालून देतो. माझ्याकडे याच जातीच्या आहेत. सगळे आकडे तुमचेच ठेवा. दोन चकत्यांवर ठेवू नका मात्र. कुलूप कमजोर होतं. माहीतगार चोर असला तर अर्ध्या दिवसात उघडेल."

"चोराला काय ठाऊक, आत दोन आहेत की चार?"

"तुमच्या—"

"मला बावीस वर्षं चारच वाटल्या. चोर काय माझ्याहून शहाणा असणार आहे?"

कारागीर हसायला लागला. बाई हसत नाहीत हे पाहून त्याने कपात तोंड घातले.

"साफ करा, तेलाचा हात फिरवा आणि झाकण लावा," मेट्रनबाई म्हणाल्या. "आकडे आहेत तेच राहतील. आणि झाकणावर तुमची तारीख कोरा. काम काय, ते मी सांगते तसं लिहा. पाहिलं. तसंच ठेवलं."

त्याने तसे लिहिले. त्याला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात बाईंनी त्याला उस्तादांबद्दल बरेच विचारले: केव्हा गेले, हात कसा होता, बोलायचे किती. साहेबांशी त्या दिवशी त्यांचे काय बोलणे झाले असेल, हे मात्र विचारून उपयोग नव्हता. जाताना कारागीर दारात थांबला. "डायलवर लावायचं एक भिंग मिळतं, बाई. पुढच्या खेपेला आणू?"

"पुढची खेप पाच वर्षांनी ना?"

"हो. पण भिंग आणायला मध्येच आलो तरी चालेल."

"बघू," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतले. मग दारामागे उभ्या राहून पेटीचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहिल्या.

रविवारी सहाला फोन आला.

"उघडली," बाई म्हणाल्या. "भोक न पाडता. कागद काढून ठेवलेत."

"कशी काय? बाबांचे आकडे सापडले?"

"तुझ्या बाबांनी सोय करून ठेवली होती."

"कसली सोय?"

सांगायला घेतले असते तर कुठून? चष्म्यापासून की आधणापासून? पलीकडे कोणीतरी मुलाला जेवणासाठी हाक मारत होते. "आलास की दाखवते," त्या म्हणाल्या. "नवं कुलूप खोक्यात आहे. तेही घेऊन जा. मला ते नको."

"आई, अगं पण तुझे डोळे? आणि तुला काही झालं तर?"

"माझे दोन आकडे तुला सांगून ठेवीन. फोनवर नाही. इथे ये, तिजोरीपुढे उभा राहा, मग सांगते."

चाळीस वर्षांत आईने असे काही दिलेले मुलाला आठवत नसावे.

"बघतो गं," तो म्हणाला. "या महिन्यात कठीण आहे. पुढच्या बघतो."

सव्वासहाला फोन ठेवल्यावर बाईंनी टपालात टाकायचे कागद एकदा शेवटचे वाचावे म्हणून चष्म्याला हात घातला. चष्मा नाकावर नव्हता. मेजावर नव्हता, उशीशी नव्हता, स्वयंपाकघरात नव्हता. मग त्यांना आठवले. दुपारी पुडके काढून तिजोरी बंद करताना तो आतल्या फळीवर, साहेबांच्या घड्याळाशेजारी ठेवला होता.

खिडकीबाहेर अजून उजेड होता. मेट्रनबाई मागच्या खोलीत गेल्या आणि तिजोरीपुढे उभ्या राहिल्या. डायलवरच्या बारीक रेघा चष्म्याशिवाय एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. तीन फेरे, दोन फेरे, एवढेच पुरे होते. त्यांनी तसे केले नाही. आधी साहेबांच्या वाटचे, डावीकडे पाच फेरे फिरवले, कुठल्याही आकड्यावर लक्ष न देता. मग उजवीकडे चार. आत काहीही लागत नव्हते. इतके हलके फिरत असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. मग क्षणभर थांबून त्यांनी आपले आकडे अंदाजाने लावले आणि मूठ दाबली.

मूठ हलली नाही.

त्या तशाच उभ्या राहिल्या, हात मुठीवर. सवयीने कान खिडकीकडे गेला. खिडकीकडून काही आले नाही. बऱ्याच वेळाने मेट्रनबाई स्वतःच म्हणाल्या, मोठ्याने, खोलीत ऐकू जाईल असे, "माझंच चुकलं."

आणि डायल पुन्हा पहिल्या फेऱ्यापासून, डावीकडे, सावकाश फिरवायला घेतली.